१२१ सामने हरल्यावर आपला सर्वांत चांगला पिचर का विकतात?

सांगलीकर_शिकागोत

नमस्कार मंडळी. प्रश्न बेसबॉलचा आहे आणि मी मुळात क्रिकेटवाली, तेव्हा शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

आम्ही शिकागोच्या दक्षिणेकडच्या उपनगरात राहतो. माझा अकरा वर्षांचा मुलगा व्हाइट सॉक्सचा भक्त. वर्गातली निम्मी मुलं कब्जवाली (शिकागोची दुसरी टीम), त्यामुळे रोज डबा खाताना चिडवाचिडवी. २०२४ला सॉक्स १६२पैकी १२१ सामने हरले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके सामने कोणीच हरलेलं नाही म्हणे. त्यातले पाच आम्ही मैदानात बसून पाहिले. तिकीट स्वस्त, पार्किंग महाग.

त्या सगळ्या धुळवडीत एकच माणूस बघण्यासारखा होता, पिचर (आपला बोलर) गॅरेट क्रोशे. (नाव ऐकून मी पहिल्यांदा हसले होते. आमच्या आजीच्या हातात कायम क्रोशाची सुई असायची.) डिसेंबरात त्याला बोस्टनला देऊन टाकला. बदल्यात चार पोरं आली, त्यातल्या एकानेही तोवर वरच्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, एक सामना खेळलेला नव्हता. बोस्टनने लगेच क्रोशेशी सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे माणूस खोटा नव्हता ना?

नवरा म्हणतो, 'रिबिल्ड, म्हणजे नव्याने बांधणी चाललीय. जास्त हरलं की ड्राफ्टमध्ये, नवे खेळाडू निवडताना, पहिला नंबर मिळतो.' मग २०२५च्या जुलैत ड्राफ्ट झाला तर सॉक्सचा नंबर दहावा! १२१ हरून दहावा. आमच्याकडे शाळेत नापास झालं तरी निदान पुढच्या वर्षी पहिल्या बाकावर बसवायचे.

तर हे मुद्दाम हरतात का? असं किती वर्षं चालतं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न मुलाचा: 'आई, मी टीम बदलू का?'

---

उत्तरेचा_वाघ

बदलू दे. कब्जमध्ये स्वागत आहे. पोपसाहेब सॉक्सचे आहेत हे मान्य, पण प्रार्थनेलाही मर्यादा असतात.

---

काटोलचा_संत्रेवाला

ताई, आधी मुलाला सांगा की ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहणारा एक म्हातारा वीस वर्षं त्याच्या टीमवर खार खाऊन आहे. २००५ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत. आमच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजची पहिलीच. तुमच्या सॉक्सनी ४-० धुतलं. तिसरा सामना आमच्या मैदानावर होता, टेक्सासमधला वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. नेहमीच्या नऊऐवजी चौदा इनिंग, जवळजवळ पावणेसहा तास. रात्री एक वाजून गेला आणि होमरन ठोकला कोणी? जेफ ब्लमने, आमच्याकडूनच आधी खेळून गेलेला पोट्टा. सकाळी सातला माझी रिफायनरीत शिफ्ट होती. मी विसरलेलो नाही.

तरी लिहितो, कारण तुमचा मुलगा आज जिथे बसलाय तिथे २०११ला माझी मुलगी बसली होती. नऊ वर्षांची. तिचा लाडका हंटर पेन्स, सायकलची चेन निघाल्यासारखा वेडावाकडा पळणारा. जुलैत त्याला फिलाडेल्फियाला दिला आणि चार अनोळखी नावं आली. दोन दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही, जणू ट्रेड मीच केला होता.

मग काय झालं ऐका. २०११ला आम्ही १०६ हरलो, २०१२ला १०७, २०१३ला १११. तीन वर्षांत ३२४. २०१३चे शेवटचे पंधरा सामने ओळीने हरलो, त्यातला शेवटचा तर पुन्हा चौदा इनिंग खेळून. त्या सप्टेंबरात एका सामन्याचं ह्यूस्टनमधलं टीव्ही रेटिंग ०.० आलं होतं. लोक हसले, पण निम्म्याहून जास्त घरांत ते चॅनलच दिसत नव्हतं, हे कोणी सांगत नाही. न्यूयॉर्कच्या एकट्या ॲलेक्स रॉड्रिग्जचा त्या वर्षीचा पगार आमच्या अख्ख्या टीमपेक्षा जास्त होता.

मुद्दाम हरतात का? मैदानावरचा कोणीही मुद्दाम हरत नाही. तिथे उभा असलेला पोरगा आपल्या पोटासाठी खेळत असतो, त्याला पुढच्या आठवड्यात परत खाली पाठवतील ही धास्ती असते. पण वरच्या मजल्यावरचं ऑफिस ज्यांच्याकडून जिंकणं होणार नाही अशाच पोरांना मैदानात पाठवतं. हा फरक मुलाला जरूर सांगा, नाहीतर तो खेळाडूंवर राग काढेल.

आता क्रोशे. इथला नियम असा की खेळाडू वरच्या लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण करेपर्यंत टीमच्या ताब्यात, नंतर मोकळा. क्रोशेची सॉक्सकडे २०२५ आणि २०२६ अशी दोनच वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत सॉक्स काही जिंकणार नव्हते. मग बाजारात भाव असताना विकला. राग येतो, पण हिशेब चुकीचा नाही.

आमच्या बाबांची काटोलला संत्र्याची बाग होती. अर्ध्या झाडांना डिंक्या लागला तेव्हा गावातले म्हणाले, औषध लावा, अजून दोन बहार निघतील. बाबांनी झाडं उपटली आणि जंबेरीच्या खुंटावरची नवी कलमं लावली. पुढची पाच वर्षं त्या तुकड्यातून एक फळ नाही. आई मधल्या जागेत कापूस न् तूर घेऊन घर चालवायची. तेव्हा मी तुमच्या मुलाएवढा होतो आणि मला बाबा वेडे वाटायचे. पण त्यांनी कलमं आणली म्हणून काम संपलं नाही. आळी करणं, पाणी, शेणखत, कीड, रात्री रानडुकरं. शेजारच्यानेही त्याच वर्षी त्याच रोपवाटिकेतून कलमं आणली होती, त्याची निम्मी वाळली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ड्राफ्टबद्दल लोकांना वाटतं की पहिला नंबर म्हणजे लॉटरी लागली. आम्हाला तीन वर्षं ओळीने पहिला नंबर मिळाला. २०१२चा कार्लोस कोरेया, उत्तम निघाला. २०१३चा मार्क ॲपल, स्टॅनफर्डचा पिचर, आमच्याकडून वरच्या लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. मध्ये त्याने खेळच सोडला, मग परत येऊन २०२२ला फिलाडेल्फियाकडून पदार्पण केलं. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरावर तुमच्या शेजाऱ्यांनी, कब्जनी, क्रिस ब्रायंट घेतला. २०१४चा ब्रेडी एकन, त्याच्या कोपराच्या तपासणीवरून वाद झाला आणि करारच झाला नाही. म्हणजे तीनात एक. करार झाला नाही म्हणून भरपाईत २०१५चा दुसरा नंबर मिळाला आणि त्यावर ॲलेक्स ब्रेगमन आला. यात हुशारी किती आणि दैव किती, तुम्हीच ठरवा.

कोरेयाच्या बाबतीत मात्र ऑफिसची हुशारी खरी. ड्राफ्टमध्ये प्रत्येक नंबराला एक रक्कम ठरलेली असते आणि पहिल्या दहा फेऱ्यांची बेरीज मिळून एक थैली होते. पहिल्या नंबराचे ७२ लाख डॉलर होते. कोरेया ४८ लाखांत तयार झाला. उरलेल्या पैशांतून एकेचाळिसाव्या नंबरावर लान्स मॅकलर्स घेतला, २५ लाखांत. तो एरवी कॉलेजात गेला असता. मंगल कार्यालयाच्या भाड्यात घासाघीस करून वाचलेले पैसे जेवणावर लावतात ना, तसं. २०१७च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात आमच्याकडून पहिला चेंडू याच मॅकलर्सने टाकला.

पण आता माझं खरं म्हणणं. हरून मिळालेल्या नंबरांनी आमची टीम झाली, ही अर्धीच गोष्ट आहे. होजे अल्टूवे बघा. साडेपाच फुटांचा. २००७ला व्हेनेझुएलात निवड चाचणीत पहिल्या दिवशी त्याला बुटका म्हणून घरी पाठवला होता, हा बापा दुसऱ्या दिवशी परत आला. १५ हजार डॉलरमध्ये घेतला. तेव्हा टीमला रिबिल्ड हा शब्दही माहीत नव्हता. डॅलस कायकल २००९च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत मिळालेला, २०१५ला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार घेऊन गेला. जॉर्ज स्प्रिंगर २०११चा अकरावा नंबर. जेफ लूनो आमच्या ऑफिसचा मुख्य होऊन आला डिसेंबर २०११ला, म्हणजे हे तिघे त्याच्या आधीच घरात होते. फ्रॅम्बर वाल्डेझ डोमिनिकनमधून एकवीस वर्षांचा असताना १० हजारांत आला. तिकडे सोळाव्या वर्षी करार होतात, एकविसाव्याला पोरगा म्हातारा समजतात. योर्डान अल्वारेझला तर २०१६ला लॉस एंजेलिसकडून एक साधा रिलीफ पिचर (सामन्यात मागाहून येणारा) देऊन घेतला. मायनर लीगचा एक अधिकृत सामनाही तो खेळला नव्हता. आज त्याच्यासारखी बॅट लीगमध्ये मोजकीच.

यातल्या एकासाठीही शंभर सामने हरायची गरज नव्हती.

मग लागतं काय? खालच्या गावांत शिकवणारी माणसं. २०१६च्या एप्रिलात मी गाडी काढून कॉर्पस क्रिस्टीला गेलो, इथून साडेतीन तास. तिथे आमची डबल-ए, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीची टीम खेळते. बंदराला लागून मैदान, मागे पूल. मला ब्रेगमन बघायचा होता. मी मात्र बघत बसलो ते सामन्याआधीचा सराव. पिचरच्या मागे ट्रायपॉडवर कॅमेरा, चेंडू बोटांतून कसा सुटतो ते टिपणारा, आणि बाजूला एक तरुण कोच टॅब्लेटवर त्याला दाखवतोय. चेंडू किती गिरक्या घेतो ते मोजून ही मंडळी माणसं निवडायची. कॉलिन मॅक्ह्यूला कोलोरॅडोने सोडून दिलं होतं, आमच्या लोकांना त्याचा कर्व्ह चेंडू आवडला. त्याने २०१५ला १९ सामने जिंकून दिले.

चुकाही केल्या. जे. डी. मार्टिनेझने थंडीत स्वतःच्या खर्चाने स्विंग, म्हणजे बॅट फिरवायची पद्धत, पूर्ण बदलून आणला होता. आमच्या शहाण्यांनी जुना आकडा पाहिला आणि मार्च २०१४ला त्याला सोडून दिला. फुकट. डेट्रॉइटने उचलला आणि पुढची कितीतरी वर्षं तो सगळ्यांना बडवत राहिला. तेव्हा आकडेवाले सर्वज्ञ असतात हा समज मुलाने करून घेऊ नये.

आणि एक दिवस उलटा ट्रेड करावा लागतो, ते सर्वांत कठीण. ऑगस्ट २०१७. हार्वे वादळाने शहर पाण्यात. आमच्या गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी, टीम स्वतःच्या घरचे सामने फ्लोरिडात खेळत होती. ३१ ऑगस्टच्या रात्री, मुदत संपायला काही सेकंद असताना, जस्टिन व्हर्लँडरचा ट्रेड झाला. त्यासाठी आढीतले तीन चांगले आंबे दिले: फ्रँकलिन पेरेझ, डॅझ कॅमेरॉन, जेक रॉजर्स. व्हर्लँडरने उरलेल्या मोसमात पाचही सामने जिंकले आणि १ नोव्हेंबरला आम्ही चॅम्पियन. सकाळी बायको बघते तर मी पोर्चवर बसून रडतोय. ती म्हणाली, 'गॅरेजचं प्लास्टर अजून व्हायचंय.'

पुढचं तुम्हाला माहीत असेलच, लपवण्यात अर्थ नाही. त्याच २०१७ला आमची मंडळी कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या (त्यांचा विकेटकीपर) खुणा चोरून, पुढचा चेंडू कोणता ते बॅटवाल्याला कळवायला कचऱ्याचा डबा बडवत होती. २०२०च्या जानेवारीत शिक्षा झाली: लूनो आणि मॅनेजर हिंच दोघेही घरी, ५० लाख डॉलर दंड, दोन वर्षांचे पहिले-दुसरे ड्राफ्ट नंबर जप्त. हे बाहेर काढलं कोणी? माइक फायर्सने, आमच्याच जुन्या पिचरने. तो आमच्याकडे आला कसा? पेन्सच्या बदल्यात जी चार अनोळखी नावं आली, त्यात एक डोमिंगो सान्ताना होता. २०१५ला सान्ताना आणि आणखी तिघे देऊन मिलवॉकीकडून आलेल्या दोघांत हा फायर्स. माझ्या मुलीने ही साखळी मला फोनवर ऐकवली आणि म्हणाली, 'बाबा, मी तेव्हाच सांगितलं होतं पेन्स विकू नका.'

---

सांगलीकर_शिकागोत

काका, हे मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. २००५च्या भागात तो सोफ्यावर उभा राहून टाळ्या वाजवत होता, माफ करा. कचऱ्याच्या डब्याच्या भागात त्याने विचारलं, 'मग काकांनी टीम बदलली का?' याचं उत्तर तुम्हीच द्या.

पण दहाव्या नंबराचं कोडं सुटलं नाही.

---

हळद्या_मेरीलँड

ते मी सांगतो. मी बाल्टिमोरवाला, ओरिओल्स. हरण्यात आमचाही हात कोणी धरू शकत नाही. २०१८ला ११५, २०२१ला ११०.

ह्यूस्टनची आणि आमची कर्मकहाणी बघूनच नियम बदलला. २०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा नंबरांसाठी सोडत निघते. सर्वांत वाईट तीन टीमना पहिल्या नंबराची प्रत्येकी १६.५ टक्के संधी. शिवाय मोठ्या बाजारातल्या ज्या टीम उत्पन्न-वाटपात पैसे भरतात, त्यांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीत बसता येत नाही. सॉक्सना २०२४ला पाचवा नंबर मिळाला होता. म्हणून २०२५ला कितीही हरले तरी दहाव्याच्या वर येणं शक्यच नव्हतं. ताई, तुमच्या नवऱ्याची माहिती चुकीची नाही, थोडी जुनी आहे.

आता काकांना एक टोमणा. ह्यूस्टनमध्ये लूनोचा उजवा हात असलेला माइक इलायस २०१८ अखेरीस आमच्याकडे आला, तीच वही घेऊन. २०१९ला पहिल्या नंबरावर ॲडली रचमन, बेचाळिसाव्यावर गनर हेंडरसन. २०२३ला १०१ विजय! मी माझ्या आयुष्यात अशी उन्हाळी संध्याकाळ पाहिली नव्हती, आमचं कॅमडेन यार्ड्स मैदान भरलेलं, सगळीकडे केशरी. मग प्लेऑफमध्ये टेक्सास रेंजर्सने ३-० ने घरी पाठवलं. २०२४ला कॅन्सस सिटीने २-० ने. २०२५च्या मे महिन्यात मॅनेजरला नारळ दिला आणि ३१ जुलैला आम्ही पुन्हा खेळाडू विकले, मलिन्स न्यूयॉर्कला, ओहर्न सॅन डिएगोला.

चुकलं काय? माझ्या मते पिचर. बॅटवाले पिकवले, पिचर पिकवले नाहीत आणि विकत घ्यायच्या वेळी हात आखडता घेतला. कॉर्बिन बर्न्सला एका मोसमासाठी आणला, पुढच्या वर्षी तो ॲरिझोनाला निघून गेला. लोणच्याच्या फोडी छान पडल्या, पण तेल घालायच्या वेळी बाटली फडताळात परत ठेवली. बुरशी येणारच.

---

सदाशिव_शंकेखोर

मी पुण्यात बसून पहाटे हे सामने बघतो, तेव्हा मला मत असण्याचा अधिकार आहे असं गृहीत धरतो.

मुळात हा प्रेक्षकांशी केलेला दगा आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला राहिलात तर खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलतात. म्हणून तिथे मुद्दाम हरायची कोणाची छाती होत नाही. इथे तळाला राहिलं की बक्षीस. आयपीएलमध्येही दर काही वर्षांनी मोठा लिलाव, सगळ्यांची पाटी जवळजवळ कोरी. 'पाच वर्षं थांबा, कलम रुजतंय' हे तिकीट काढणाऱ्याला सांगणं म्हणजे हॉटेलात बसवून 'भात अजून शेतात आहे' म्हणण्यासारखं. आणि बिलात मात्र सूट नाही.

शिवाय ब्रायंटचा उल्लेख आला म्हणून सांगतो. २०१५ला त्याला कब्जनी एप्रिलच्या मध्यापर्यंत खाली ठेवला, कारण १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात आणि त्याचे १७१ भरले. एका दिवसासाठी त्याचं मोकळं होणं वर्षभर लांबलं. त्याने तक्रार केली, हरला. याला तुम्ही शेती म्हणता?

---

काटोलचा_संत्रेवाला

शंकेखोरसाहेब, १७१ दिवसांबद्दल तुमच्याशी भांडण नाही. ती लबाडीच. तिकिटाबद्दलही नाही, २०१३ला पार्किंगचे पैसे मीही मोजले आहेत.

पण आयपीएलशी तुलना नको. तिथे पोरं तयार करून देतं कोण? रणजीवाले. आमच्या विदर्भाचं बघा. कित्येक वर्षं मुंबईवाले आम्हाला मोजतही नव्हते. आधी अकादमी उभी राहिली, वयोगटांच्या टीम घडल्या. मग मुंबईच्या वासिम जाफरला आणलं, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. १ जानेवारी २०१८ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिली रणजी. रजनीश गुरबानीने फायनलमध्ये हॅट्‌ट्रिक घेतली. दोन महिन्यांत माझ्या दोन्ही टीम चॅम्पियन, नोव्हेंबरात ह्यूस्टन, जानेवारीत विदर्भ! पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो, आणि २०२५ला केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेतले, रणजीतला विक्रम. यासाठी विदर्भाला कोणी पहिला नंबर दिला नव्हता, आणि मुद्दाम तर आम्ही कधीच हरलो नाही. तेव्हा जमत नव्हतं म्हणून हरायचो.

हळद्या, तुझा टोमणा पोचला. पिचरचं बरोबर बोललास. आमचे वाल्डेझ, हाविएर, गार्सिया सगळे स्वस्तात घेऊन घरीच घडवलेले, म्हणून २०२२ला फिलाडेल्फियाला हरवून दुसरी वर्ल्ड सिरीज आली. त्या सिरीजमध्ये वाल्डेझने दोन सामने जिंकले आणि शेवटच्या सामन्यात अल्वारेझचा होमरन कुठे गेला ते मी अजून शोधतोय. ती आमची बिनडागी. २०१७चा टी-शर्ट मी घरात घालतो, २०२२चा बाहेर.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. टीम बदलली नाही. काही दिवस शेजाऱ्यांसमोर मान खाली घालून चाललो.

आता ताई, तुमच्या सॉक्सबद्दल. त्यांनी हे आधी एकदा करून पाहिलंय. २०१६च्या डिसेंबरात क्रिस सेलला बोस्टनलाच दिला होता, मोंकाडा आणि कोपेक आले. २०१७ला कीन्टानाला कब्जना देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ. तेव्हा सगळे म्हणायचे, यांच्यासारखी नर्सरी नाही. २०२०ला प्लेऑफ, २०२१ला ९३ विजय. त्या वर्षी आम्हीच त्यांना ३-१ ने घरी पाठवलं, २००५चा थोडा हिशेब चुकता केला. आणि तीन वर्षांत थेट १२१ पराभव. नावं मोठी होती, पण कोण दुखापतीत, कोण अडकलेलं, आणि मागून येणारं कोणी नव्हतं. काटोलच्या आमच्या शेजाऱ्याची बाग ती हीच.

२०२५ला वेगळं काय? मुलाला कोल्सन माँटगोमेरी दाखवा. तो २०२१चा बाविसावा नंबर, म्हणजे सॉक्स जिंकत होते तेव्हाचा. हरून मिळालेला नव्हे! २०२५च्या एप्रिलात शार्लटला ट्रिपल-एमध्ये, मेजर लीगच्या एक पायरी खाली, त्याची बॅट इतकी रुसली की त्याला ॲरिझोनातल्या सराव केंद्रावर नेऊन स्विंग नव्याने बसवून घेतला. ४ जुलैला तो वर आला आणि होमरन मारत सुटला. क्रोशेच्या बदल्यात आलेल्यांपैकी कायल टील आणि चेस माइड्रॉथही २०२५ला वर आले. मी सॉक्सचा आकडा बघताना आता एवढंच बघतो: खाली बिघडलेला पोरगा वर येताना सुधारून येतोय का. पराभव मोजायचं मी २०१३लाच सोडलं, बोटं पुरत नव्हती.

किती वर्षं, हे नाही सांगता येत. आम्हाला पहिल्या १०६पासून चॅम्पियन व्हायला सहा लागली. बाल्टिमोरला २०२५ला सातवं चालू होतं आणि तोवर चॅम्पियन नाही.

आणि हो, २०२५ला क्रोशेच्या शेजारी बोस्टनच्या डगआउटमध्ये आमचा ब्रेगमन बसला. आमचा कायल टकर २०२४च्या डिसेंबरात कब्जकडे गेला, त्या मोसमात तुमच्या मुलाच्या वर्गात त्याची जर्सी घालून पोरं आली असतील. आम्हीही आता म्हाताऱ्या बागेचे मालक होतोय. २०२५च्या ३१ जुलैला कोरेया परत आला, तेव्हा बायको म्हणाली, 'जुनं झाड परत आणून लावलं का?'

---

उत्तरेचा_वाघ

टकरची जर्सी माझ्याच मुलाकडे आहे. क्षमस्व.

---

सांगलीकर_शिकागोत

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला १६.५ टक्क्यांचा नियम वाचून दाखवला, तो म्हणाला, 'हे मला माहीत होतं.' नव्हतं.

मुलाने फ्रिजवर कागद चिकटवलाय. वर लिहिलंय 'शार्लट, बर्मिंगहॅम' (सॉक्सच्या खालच्या टीमची गावं), खाली सहा नावं आणि प्रत्येकापुढे रोजचे हिट. क्रोशेचं पोस्टर भिंतीवरून काढलेलं नाही, फक्त त्याच्या टोपीवरच्या सॉक्सच्या चिन्हावर पेनाने बाण काढून लिहिलंय, 'हे आमचं'.

काका, तो विचारतोय, त्या वाळलेल्या बागेच्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं?

---

काटोलचा_संत्रेवाला

त्याने दुसऱ्यांदा कलमं लावली. या खेपेला आळी करायला आमच्या बाबांना बोलावून घेऊन गेला.